‘ओस’ की ‘पे’? वेल्शमधले दोन ‘जर’

वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा, शिकणारा मराठी माणूस संकेतार्थापाशी (जर-तरच्या वाक्यांपाशी) अडतो, तो क्रियापदाच्या रूपांमुळे नाही. रूपं पाठ होतात. अडतं ते त्यांच्या आधी येणाऱ्या एका छोट्या शब्दापाशी.

‘पाऊस पडला तर मी घरी थांबेन’ आणि ‘पाऊस पडला असता तर मी घरी थांबलो असतो’. आपला ‘तर’ दोन्हीकडे तोच. गोष्ट खरंच घडू शकते की नुसती कल्पना आहे, हे ‘असता’ सांगतो. वेल्शमध्ये मात्र ‘जर’च दोन आहेत. घडू शकेल अशा गोष्टीला ‘ओस’, मनातले मांडे खाण्याला ‘पे’.

‘ओस बीद हीन बुरू ग्लाउ, बदाईन आरोस गार्त्रे’: पाऊस पडला तर मी घरी थांबेन. आभाळ भरलेलं आहे, काहीही होऊ शकतं. ‘पे बाय हीन बुरू ग्लाउ, बदुन ईन आरोस गार्त्रे’: बाहेर लख्ख ऊन आहे आणि पाऊस फक्त बोलण्यापुरता आलाय. (‘बुरू’ म्हणजे मारणं, फेकणं. आपल्याकडेही पाऊस झोडपतोच की!)

आता खरी गोम. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी, त्यामुळे ‘पाऊस पडला...’ म्हणून झाल्यावरही ‘असता’ जोडायचा की नाही हे ठरवायला क्षणभर सवड मिळते. वेल्शमध्ये क्रियापद पुढे, आणि त्याच्याही पुढे हा शब्द. तोंड उघडण्याआधीच ठरवावं लागतं की या गोष्टीवर आपला विश्वास आहे की नाही. मला हे अजूनही जड जातं.

‘ओस’ लक्षात ठेवायला सोपा. वेल्समध्ये पाट्यापाट्यांवर दिसणारं ‘ओस ग्वेलुख अन दा’ म्हणजे ‘कृपया’, पण शब्दशः ‘तुम्हाला बरं दिसत असेल तर’. समोरचा हो म्हणू शकतो, म्हणून ‘ओस’. ‘पे’ मात्र बोलताना हरवतो. ‘पेतासुन ई’ (मी असतो तर) याचं ‘तासुन ई’ होतं आणि ‘पे’ ऐकूच येत नाही. पुढे उत्तरार्धात येतं ‘बासुन ई’. म्हणजे ‘त’ने सुरू झालं तर अट, ‘ब’ने सुरू झालं तर परिणाम. कानाला ‘तासून’ आणि ‘बसून’ असं ऐकू येतं, तसंच पाठ करावं. मी तेच केलं.

‘बासुन’ की ‘बदुन’ हा वाद फार मनावर घेऊ नये, अर्थ एकच. ढोबळमानाने पहिलं उत्तरेचं, दुसरं दक्षिणेचं, आणि शिकवणीची पुस्तकंही उत्तर-दक्षिण अशी वेगळी मिळतात. फक्त ‘बदुन’ला एक खोड आहे: ‘बदुन ई’ म्हणजे ‘मी असतो, केलं असतं’, पण ‘बदुन नी’ म्हणजे ‘आम्ही असू’, साधा भविष्यकाळ. भरभर बोलण्यात या दोन्हींतला फरक ऐकणं म्हणजे परीक्षाच. शिवाय ‘बदाय’ हे ‘ती असती’सुद्धा आणि ‘ती दर रविवारी चॅपलला जात असे’ यातलं ‘असे’सुद्धा. संदर्भ पाहायचा, दुसरा उपाय नाही.

एका ठिकाणी वेल्श आपल्यापेक्षा काटेकोर आहे. ‘पैसे असते तर मी घर घेतलं असतं’ हे वाक्य आजच्या कडकीबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीच्या हुकलेल्या संधीबद्दल? मराठीत दोन्ही चालतं. वेल्शमध्ये गेलेल्या संधीसाठी ‘वेदी’ घालावंच लागतं: ‘बासुन ई वेदी प्रनी ती’, मी घर घेतलं असतं. ‘वेदी’ काढून ‘बासुन ईन प्रनी ती’ म्हटलं की आशा अजून शिल्लक आहे.

दुकानात चहा मागताना मात्र ना ‘ओस’ लागतो ना ‘पे’. ‘हॉफुन ई बानेद ओ दे’, मला एक कप चहा आवडेल. अट मनातच ठेवायची. आणि कुणी ‘वासेत तीन दोद?’ (येशील का?) विचारलं तर सरसकट ‘हो’ म्हणून भागत नाही, क्रियापदच परत द्यावं लागतं: ‘बासुन’ (‘वासेत’ हे त्याचंच ‘तू’साठीचं रूप). यात आपल्याला नवल नाही. ‘येशील का?’ला आपणही ‘येईन’च म्हणतो.