गॅस्केट पुन्हा पुन्हा का उडतं? रोव्हरच्या के-सिरीज इंजिनाचा धडा

जुनी गाडी घाटात तापते, पाणी पिऊ लागते, मेकॅनिक इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवतो, त्याच्या सांध्यातला पातळ थर म्हणजे गॅस्केट नवीन टाकतो. चार-सहा महिन्यांत पुन्हा तेच. मग सगळ्यांचं एकमत होतं की गॅस्केट लोकल होतं, या वेळी कंपनीचं टाकू. हा समज इतका पक्का आहे की गॅस्केट हा मुळात बळी आहे, गुन्हेगार दुसराच कोणीतरी आहे, हे सहसा कोणी तपासतच नाही.

हे समजून घ्यायला ब्रिटनमधल्या रोव्हर कंपनीच्या के-सिरीज इंजिनासारखं दुसरं उदाहरण नाही. 1980च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे इंजिन अभियंत्यांनी वाखाणलं होतं. हलकं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं, ताकदीला चोख. रोव्हरच्या छोट्या गाड्यांत ते होतं, 1995च्या एमजी एफमध्ये होतं, 1996च्या लोटस एलिसमध्ये होतं आणि 1997च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्येही. आणि हेच इंजिन हेड गॅस्केटसाठी इतकं बदनाम झालं की 2005च्या एप्रिलमध्ये एमजी रोव्हर बुडाली तेव्हा तिच्यामागे राहिलेल्या आठवणींत ही एक ठळक होती. 

आधी गॅस्केटचं काम पाहू. खाली ब्लॉक, त्यात सिलिंडर. वर हेड, त्यात व्हॉल्व्ह. मधल्या सांध्यातून तीन गोष्टी शेजारी शेजारी जातात: जळणारा वायू, दाबाखालचं ऑइल आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. तिघांनी एकमेकांना भेटायचं नाही, एवढीच अपेक्षा. के-सिरीजच्या 1.8 लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास 80 मि.मी. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस सें.मी. पेट्रोल पेटल्यावर दाब 60 बारपर्यंत (हवेच्या दाबाच्या साधारण 60 पट) गेला असं धरलं, तर एका सिलिंडरवर हेडला वर ढकलणारं बल साधारण तीन टन होतं. 3,000 आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला 25 वेळा बसतो. हेडचे बोल्ट ही ओढ पेलतात. गॅस्केट फक्त दोन पृष्ठभागांमधली सूक्ष्म दरी भरतं. दरी उघडली किंवा पृष्ठभाग सरकले, तर सोन्याचं गॅस्केटही टिकणार नाही.

पृष्ठभाग सरकतात ते उष्णतेमुळे. शाळेत शिकलेलं प्रसरण इथे कामाला येतं. एक अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम दर मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) वाढतं, बीड सुमारे 11. जुन्या ॲम्बॅसॅडरचं ब्लॉकही बीडाचं आणि हेडही बीडाचं. दोन्ही एका चालीने फुगत, म्हणून तिने बरंच तापणं सहन केलं. प्रीमियर पद्मिनीत ब्लॉक बीडाचं, हेड ॲल्युमिनियमचं. 400 मि.मी. लांबीचं हेड 70 अंशांनी तापलं तर ते सुमारे 0.64 मि.मी. लांबतं, खालचं ब्लॉक 0.31. फरक 0.33 मि.मी. गाडी सुरू केली की सरक, बंद केली की उलटी सरक, आणि मध्ये चिरडलेलं गॅस्केट. अर्थात बोल्टांच्या दाबामुळे धातू थोडा ताण खाऊन घेतो, पूर्ण फरक सरकण्यात जात नाही. पण पाट्यावर वरवंटा फिरावा तसं घासणं वर्षानुवर्षं चालूच असतं.

मग के-सिरीजमध्ये तर ब्लॉकही ॲल्युमिनियमचं आणि हेडही. तिथे हा प्रश्न उरायला नको होता. तरी गॅस्केट उडत होतं. का?

त्याचं उत्तर बोल्टांपाशी सुरू होतं. नेहमीच्या इंजिनात हेडचे बोल्ट ब्लॉकच्या वरच्या भागात आटे धरतात. लांबी साधारण 100 मि.मी. के-सिरीजमध्ये दहा बारीक, लांबलचक बोल्ट हेडमधून शिरून, अख्खं ब्लॉक आणि क्रँकचे बेअरिंग धरणारी शिडीसारखी चौकट पार करून, तळाच्या ऑइल रेल नावाच्या पट्टीत आटे धरतात. सँडविचला आरपार काडी टोचावी तसं. लांबी 400 मि.मी.च्या आसपास. यामागे फार सुंदर विचार होता.

बोल्ट हा मुळात स्प्रिंग आहे. आपण तो 'घट्ट' करतो म्हणजे ताणतो, आणि तो आकसू पाहतो त्या ओढीने हेड दाबलेलं राहतं. समजा काही महिन्यांत गॅस्केट 0.05 मि.मी. बसलं. 100 मि.मी.च्या बोल्टाची ताण-लांबी तेवढी कमी होते. प्रमाण काढलं तर 0.05 टक्के. पोलादाचा लवचिकता गुणांक 200 गिगापास्कल, म्हणजे बोल्टातला ताण 100 मेगापास्कलने घसरला. बोल्ट 400 मि.मी.चा असेल तर तीच घट 0.0125 टक्के आणि ताण फक्त 25 मेगापास्कलने उतरतो. लांब बोल्ट गॅस्केटचं बसणं पचवतो. शिवाय सगळा ताण ब्लॉकच्या वरच्या कडेशी न येता तळापर्यंत जातो, त्यामुळे पातळ ॲल्युमिनियम ओढाताणीत सापडत नाही, ते नुसतं दाबलेलं राहतं. दाबाखाली ॲल्युमिनियम चांगलं वागतं.

आता तीच गोष्ट आडवी करून पाहा. बोल्ट उभ्या दिशेने जितका लवचिक, तितकाच तो आडव्या दिशेने ढिला. दोन्ही टोकांशी पकडलेल्या दांड्याचा आडवा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. लांबी चौपट झाली की जाडी तीच ठेवूनही ताठपणा चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणजे हेड आडवं सरकायला लागलं तर ते अडवण्यात या बोल्टांचा वाटा जवळपास नाही. अडवायचं काम उरतं सांध्यातल्या घर्षणाकडे आणि हेड जागेवर बसवणाऱ्या दोन खुंट्यांकडे, म्हणजे डॉवेलकडे. अनेक इंजिनांत हे डॉवेल प्लास्टिकचे होते!

आणि सरकवणारं बल कुठून आलं? धातू एकच असला तरी तापमान एकच नव्हतं. या इंजिनात कूलंट थोडं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून रेडिएटरच्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, पाणी आत शिरण्याच्या तोंडाशी. थंडीतल्या सकाळी इंजिन चालू केलं की हेड लवकर तापतं, पण रेडिएटरमधलं पाणी बर्फासारखं गार. थर्मोस्टॅटला गरम पाण्याची खबर उशिरा लागते. लागली की तो उघडतो आणि गार पाण्याचा मोठा घोट थेट ब्लॉकमध्ये शिरतो. लगेच तो बंद होतो, पुन्हा उघडतो. समजा त्या क्षणी हेड आणि ब्लॉक यांत 40 अंशांचा फरक पडला: 400 मि.मी. लांबीवर तो 0.37 मि.मी. होतो. वर पद्मिनीच्या हिशोबात आलेला आकडा 0.33 होता. एकाच धातूचं इंजिन बनवून जे टाळलं, ते तापमानाच्या झटक्याने मागच्या दाराने परत आलं. एमजी एफमध्ये इंजिन मध्यभागी, रेडिएटर पुढे, मधले पाइप लांबलचक; गार पाण्याचा साठा अधिक, आणि त्यात हवा अडकण्याची खोडही.

गॅस्केटची रचना या हालचालीला नाजूक होती. पोलादाच्या एका पत्र्यावर कूलंट आणि ऑइलच्या भोकांभोवती रबरासारख्या पदार्थाच्या बारीक कडा छापलेल्या. हेड आडवं घासलं की या कडा पत्र्यापासून सुटत आणि कूलंटला वाट मिळे. भर म्हणून सिलिंडरचे लायनर, म्हणजे आतली नळकांडी, वेगळे, ब्लॉकमध्ये बसवलेले. त्यांची कड ब्लॉकच्या पृष्ठभागापेक्षा केसभर, साधारण 0.05 ते 0.1 मि.मी., वर असायला हवी, म्हणजे गॅस्केटची अग्निकडी (सिलिंडरच्या तोंडाभोवतीची, जळता वायू अडवणारी कडी) तिथे नीट चेपली जाते. लायनर जरा खाली बसला की वायूला फट मिळते.

बहुतेक गाड्यांत कूलंट कमी झाल्याची सूचना देणारा सेन्सर नव्हता. इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा पुरवणाऱ्या नळ्यांच्या) सीलमधून थेंब थेंब गळती होई, चालकाला पत्ता नसे. पाणी पुरतं खाली गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. तोवर हेड इतकं तापलेलं असतं की मिश्रधातूला उष्णता-प्रक्रियेतून मिळालेला कठीणपणा जातो. असं मऊ पडलेलं हेड गॅस्केटच्या कडीखाली दबतं आणि त्यात खळगा पडतो. मग त्यावर कितीही महागडं गॅस्केट टाका.

या दुखण्यावरचे इलाज टप्प्याटप्प्याने आले. प्लास्टिकच्या जागी पोलादी डॉवेल. अनेक पातळ पोलादी थरांचं गॅस्केट, ज्याचे थर एकमेकांवर सरकून घासणं पचवतात. अधिक ताठ ऑइल रेल. आणि थर्मोस्टॅट इंजिनाबाहेर होजमध्ये (पाण्याच्या रबरी पाइपात) हलवला, असा की तो तापमानाबरोबर पंपाच्या दाबालाही प्रतिसाद देईल आणि गार पाणी गरमात मिसळत मिसळत आत जाईल. खरा इलाज हा शेवटचा, कारण तो सरक थांबवतो. बाकीचे सरक सोसायला मदत करतात.

म्हणूनच आपल्याकडची 'थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही' ही सर्रास चालणारी पद्धत घातक आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कामाच्या तापमानाला वेळेवर पोचत नाही, पेट्रोल नीट जळत नाही, ऑइलमध्ये ओल आणि गाळ साठतो. अनेक इंजिनांत हाच व्हॉल्व्ह उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो नसला तर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येतं आणि गाडी उलट जास्त तापते. 'एक बाटली ओता, गॅस्केट जोडलं' असं सांगणारी औषधंही तशीच. 60 बारचा दाब घोटभर द्रव अडवू शकत नाही. ते आधी हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवतं. आणि बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने त्या दोन मिनिटांत रेडिएटर कॅपचं रबर पाहावं. कॅपने एक बार जादा दाब धरला तर साधं पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात निम्मं ग्लायकॉल (कूलंटमध्ये मिसळायचा द्रव) असेल तर आणखी वर. कॅप निकामी असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी सुमारे 95 अंशांलाच उकळतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे हेडला चिकटतात, आणि वाफ उष्णता नेत नाही.

निदानातही एक गैरसमज आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की गॅस्केट गेलं, असं नाही. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या ओलीनेही जमते. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल तर मात्र गंभीर. खात्रीच्या खुणा अशा: गार इंजिन सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक होणं, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर, एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर त्यांच्यामधली पट्टी फुटली आहे. कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या चाचणीद्रवातून ओढून घ्यायची. तो पिवळा पडला तर कूलंटमध्ये जळका वायू आहे. ही चाचणी स्वस्त आहे आणि हेड उतरवण्याआधी ती झालीच पाहिजे.

हेड उतरवायचं तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो रात्रभर ठेवून. बोल्ट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने सोडायचे. के-सिरीजमध्ये हेड निघालं की लायनर सैल असतात. कोणी क्रँक फिरवला तर ते उचलले जातात आणि तळाचं सील तुटतं, म्हणून त्यांना आधी क्लॅम्प लावायचे. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालायचा: 0.05 मि.मी.पेक्षा जास्त वाक चालत नाही, आणि फेसिंग करताना, म्हणजे पृष्ठभाग घासून सपाट करताना, एकूण 0.20 मि.मी.पेक्षा जास्त धातू काढायचा नाही. फेसिंगच्या आधी कठीणपणा तपासून घ्यावा. मऊ हेड सपाट केलं तरी मऊच राहतं. जुनं गॅस्केट ड्रिलला घासणी लावून काढू नये. ॲल्युमिनियममध्ये खळगे पडतात आणि घासणीची पूड बेअरिंगमध्ये जाते. प्लास्टिकचा स्क्रॅपर आणि सॉल्व्हंट पुरतो. लायनरची उंची चारही ठिकाणी मोजावी. एकही खाली असेल तर काम तिथेच थांबवावं.

बोल्ट घट्ट करताना मधून बाहेर जायचं: आधी 20 न्यूटन मीटर, मग प्रत्येकी 180 अंश, मग पुन्हा 180 अंश. बोल्टच्या डोक्यावर रंगाची खूण केली की गफलत होत नाही. टॉर्कऐवजी (पान्याच्या जोराऐवजी) अंश का? कारण पान्यावर लावलेल्या जोरातला जवळपास नऊ-दशांश भाग घर्षणात जातो. आटे कोरडे की तेलकट यावर खरी ओढ बदलते. कोन मात्र थेट ताण मोजतो. एक पूर्ण फेरा म्हणजे एका आट्याइतकं अंतर, सव्वा ते दीड मि.मी. 100 मि.मी.चा बोल्ट इतका ताणला तर तो तुटण्याच्या वाटेवर असतो, 400 मि.मी.च्या बोल्टाला ते जमेस धरता येतं.

शेवटी कूलंट भरताना हवेची नळी उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून भरायचं. इंजिन तापल्यावर हीटरमधून गार हवा आली तर आत अजून हवा अडकलेली आहे. गाडी रस्त्यावर असतानाही हीच खूण लक्षात ठेवावी: काटा मधोमध आणि हीटरची हवा गार, म्हणजे सेन्सरला पाणी लागत नाही. त्याच क्षणी इंजिन बंद करायचं.