फेब्रुवारीतला इतिहास: एका आठवड्याचा महिना कसा झाला

अमेरिकेत दर फेब्रुवारीला ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ साजरा होतो आणि दर वर्षी एक टोमणाही ऐकू येतो: कृष्णवर्णीयांच्या वाट्याला महिना आला, तोही नेमका अठ्ठावीस दिवसांचा! टोमणा झकास आहे, पण चुकीच्या माणसांना लागतो. हा महिना कुठल्या सरकारने वाटून दिलेला नाही. त्याचं मूळ १९२६च्या एका आठवड्यात आहे. तो आठवडा सुरू केला कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराने, आणि फेब्रुवारी निवडला तोही त्यांनीच.

वुडसन यांचा जन्म १८७५चा, व्हर्जिनियातला. आईवडील दोघांनीही गुलामी भोगलेली. घरच्या कामातून वेळ मिळेल तशी शाळा. पुढे पोटासाठी ते वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत गेले. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचा खाणकामगार होता, यादवी युद्धात लढलेला. कामावरून सुटलेले मजूर त्याच्या घरी खायला-प्यायला आणि गप्पांना जमत. जोन्सला वाचता येत नव्हतं, तरी घरात कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं होती आणि वर्तमानपत्रंही येत. पोराला वाचता येतं हे कळल्यावर ते काम वुडसनकडे आलं. त्यांनी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि वाद घालायचा. मोबदल्यात खाणंपिणं फुकट. श्रोत्यांत जुने सैनिक होते. ज्या युद्धाने गुलामी संपली त्यात हे लोक स्वतः बंदुका घेऊन उतरले होते, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांचा पत्ताही नव्हता. वुडसन यांची इतिहासाची खरी शाळा हीच, असं मला वाटतं.

पाठ्यपुस्तकांतली शाळा त्यांना उशिरा लाभली. विसाव्या वर्षी ते हायस्कुलात दाखल झाले आणि दोन वर्षांच्या आत ते पूर्ण करून बाहेर पडले. मग केंटकीतलं बेरिया कॉलेज, फिलिपिन्समध्ये शिक्षकी, शिकागो विद्यापीठ आणि १९१२ साली हार्वर्डची पीएचडी. हार्वर्डची ही पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस, १८९५ साली. मधल्या काळात बेरियाचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. वुडसन तिथून पदवी घेऊन गेले १९०३ साली आणि १९०४ साली केंटकीने कायदाच केला, की गोऱ्या आणि काळ्या मुलांनी एकत्र शिकायचं नाही.

त्या वेळच्या विद्वानांचं मतही याहून फार वेगळं नव्हतं. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला, ते दक्षिणेतल्या विधिमंडळांत निवडून आले. हा सगळा काळ म्हणजे निव्वळ अनागोंदी होती, अशी मांडणी करणाऱ्या इतिहासकारांचं प्रमुख ठाणं होतं न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. विल्यम डनिंग हे त्यांचे गुरू. (बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात शिकत होते ती १९१३ ते १९१६ ही वर्षं याच काळातली.) माणसांना मालमत्ता ठरवणारी व्यवस्था पुस्तकांत सौम्य दिसू लागली, की पुढच्या पिढीचे हक्क नाकारणं सोपं जातं, हे वुडसन यांनी अचूक ओळखलं होतं.

१९१५ साली गुलामगिरीच्या अंताला ५० वर्षं झाली म्हणून शिकागोत मोठं प्रदर्शन भरलं. हजारो कृष्णवर्णीय ते पाहायला लोटले. वुडसनही तिथे होते. आपल्या लोकांना स्वतःच्या इतिहासाची केवढी भूक आहे, ते तिथे त्यांना दिसलं. ९ सप्टेंबरला शिकागोतल्याच वायएमसीएच्या इमारतीत मोजक्या सहकाऱ्यांसह त्यांनी कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा आणि इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली. जानेवारी १९१६मध्ये तिचं त्रैमासिक निघालं. पुढे स्वतःचं प्रकाशनगृहही काढलं, कारण असल्या पुस्तकांना गोरे प्रकाशक हात लावत नव्हते.

आता फेब्रुवारीकडे येऊ. अब्राहम लिंकन यांचा वाढदिवस १२ फेब्रुवारीला आणि फ्रेडरिक डग्लस यांचा १४ला. डग्लस गुलामीतून निसटलेले, मग वक्ते, संपादक आणि गुलामगिरीविरोधी चळवळीचा सर्वांत बुलंद आवाज. गुलामाच्या पोराची जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? मालकाच्या वहीत सापडते ती फक्त ‘फेब्रुवारी १८१८’ एवढी नोंद. आई लहानपणी लाडाने ‘व्हॅलेंटाइन’ म्हणायची म्हणून डग्लस यांनी १४ तारीख स्वतःच ठरवली. ते १८९५ साली वारले आणि दोन वर्षांनी वॉशिंग्टनच्या शिक्षण मंडळावर असलेल्या मेरी चर्च टेरेल यांच्या पुढाकाराने तिथल्या कृष्णवर्णीय शाळांत ‘डग्लस दिन’ सुरू झाला. लिंकन जयंती तर आधीपासून होतीच. म्हणजे वुडसन यांनी नवा सण काढला नाही. लोक ज्या दिवसांत एरवीही जमत होते, त्या दिवसांत त्यांनी इतिहास आणून ठेवला. दोन थोरांचे गोडवे गाऊन मंडळींनी घरी जावं, हे मात्र त्यांना नको होतं. शेतात, खाणीत, पलटणीत, चर्चमध्ये वावरलेल्या अख्ख्या समाजाने काय केलं, ते त्यांना मांडायचं होतं.

१९२६च्या पहिल्या ‘निग्रो हिस्टरी वीक’ला फक्त नॉर्थ कॅरोलायना, डेलावेअर आणि वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांच्या शिक्षण खात्यांनी आणि बाल्टिमोर व वॉशिंग्टन शहरांच्या शाळाधिकाऱ्यांनी साथ दिली. पुढच्या काही वर्षांत संस्थेकडे मागण्यांचा पूर लोटला. शिक्षिकांना तसबिरी हव्या होत्या, पाठ हवे होते, मुलांना बसवता येतील अशी छोटी नाटकं हवी होती. वॉशिंग्टनच्या नवव्या रस्त्यावरच्या १५३८ क्रमांकाच्या घरातून हे सगळं रवाना होई. खाली कचेरी, वर वुडसन यांची राहण्याची खोली. लग्न केलं नव्हतं. पुस्तकांची बांधाबांधही बऱ्याचदा स्वतःच करत. स्वभावाने करडे, कोणाशी जमवून घेण्याचा वकूब कमीच. संस्था एखाद्या विद्यापीठाला जोडा, असं धनिक प्रतिष्ठानांचं म्हणणं पडलं; त्यांनी ऐकलं नाही आणि तिशीच्या दशकात तिथला पैसा आटला. मग शिक्षक, चर्च आणि महिला मंडळं यांच्या किरकोळ वर्गण्यांवर गाडा चालला. १९३६पासून संस्थेच्या अध्यक्षपदी शिक्षणतज्ज्ञ मेरी मॅक्लिऑड बेथ्यून होत्या. शाळांसाठी सोप्या भाषेतलं पत्रक काढा, हा आग्रह त्यांचाच; ते १९३७ साली निघालं.

वुडसन १९५० साली गेले. आठवडा त्यांना पुरेसा कधीच वाटला नव्हता. वर्षभर शिकलेलं दाखवण्याची ती वेळ, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ. महिन्याची मागणी पुढे नेली साठच्या दशकातल्या तरुणांनी. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९७० साली अख्खा महिना पाळला. १९७६ साली, पन्नाशीच्या निमित्ताने, वुडसन यांच्या संस्थेने अधिकृतपणे आठवड्याचा महिना केला आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संदेश दिला. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, ठराव यायला १९८६ उजाडलं. सरकार आलं ते इतक्या उशिरा.

ब्रिटनने कल्पना उचलली, पण फेब्रुवारी घेतला नाही. तिथे १९८७पासून हा महिना ऑक्टोबरमध्ये पाळतात. लिंकन-डग्लस यांच्या तारखांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, आणि शाळांचं नवं वर्ष तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं.