गाडीवरचे गोल चरे मुळात गोल नसतातच

रील्समध्ये सध्या एक सल्ला फार फिरतोय. गाडी गोल गोल पुसू नका म्हणे, त्यानेच बोनेटवर ते गोल गोल बारीक चरे पडतात, सरळ रेषेत पुसा. सल्ला अर्धा बरोबर आहे पण दिलेलं कारण साफ चुकीचं आहे, आणि खरं कारण इतकं सुंदर आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक प्रयोग करा. रात्री पार्किंगमध्ये जा, काळी किंवा गडद निळी गाडी शोधा, मोबाइलचा टॉर्च लावून बोनेटवर धरा. टॉर्चचं प्रतिबिंब दिसेल आणि त्याच्याभोवती चकाकणाऱ्या बारीक रेषांची वर्तुळं दिसतील, डिटेलिंगवाले (गाडी चकचकीत करून देणारे) ज्याला स्वर्ल मार्क्स म्हणतात ती. आता टॉर्च वीतभर डावीकडे सरकवा. वर्तुळंसुद्धा डावीकडे सरकली ना? चरे तर रंगात कोरलेले आहेत, ते जागचे हलणार कसे? शेजारच्याचा टॉर्च पण मागून घ्या, आता दोन केंद्रं आणि दोघांभोवती वेगवेगळी वर्तुळं. गाडी पुसणाऱ्याचा हात काही तुमचा टॉर्च कुठे येणार हे बघून फिरला नव्हता. गाडी नसेल तर घरातली घासून घासून जुनी झालेली स्टीलची थाळी घ्या, तिच्यावरही हेच दिसेल.

म्हणजे चरे सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेत, हजारोंनी आहेत, आणि आपल्याला त्यातले काही निवडक तुकडेच दिसतात. निवड कोण करतं? प्रकाशाची भूमिती.

एक चरा म्हणजे एक बारीक नाली, काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि त्याहून बरीच उथळ. सपाट आरशावर आपतन कोन बरोबर परावर्तन कोन हे शाळेत शिकलोय. नालीचं काय होतं, तर आडव्या बाजूने तिचे काठ वळलेले असतात त्यामुळे प्रकाश त्या बाजूला पंख्यासारखा फाकतो, पण लांबीच्या दिशेने नाली सरळ असते म्हणून त्या दिशेपुरती ती आरशासारखीच वागते. दोन्ही एकत्र केलं की एका किरणातून प्रकाशाचा शंकू तयार होतो, ज्याचा अक्ष म्हणजे तो चरा. किरण चऱ्याशी जेवढा कोन करून आला तेवढाच कोन करून बाहेर जाणार, फक्त आता एका रेषेत न जाता पूर्ण शंकूवर पसरून. तुमचा डोळा त्या शंकूवर असेल तर चरा चमकतो, नसेल तर तो तुमच्यासाठी जवळपास नाहीच.

आता फर्मा. 1662 मध्ये या फ्रेंच गणितज्ञाने सांगितलं की प्रकाश कमीत कमी वेळ लागेल असा रस्ता धरतो. टॉर्चपासून बोनेटवरच्या एखाद्या बिंदूपर्यंत आणि तिथून डोळ्यापर्यंत एकूण अंतर किती, हे बोनेटवरच्या प्रत्येक बिंदूसाठी मोजलं असं समजा. बोनेट सपाट धरलं तर जिथे हे अंतर सगळ्यात कमी तिथेच टॉर्चचं प्रतिबिंब दिसतं. तिथून बाहेर जाल तसं अंतर वाढत जातं. सारख्या अंतराचे बिंदू जोडले की प्रतिबिंबाभोवती बंद वक्र मिळतात, भूगोलाच्या नकाशातल्या समोच्च रेषा असतात तसे. टॉर्च डोळ्याजवळ धरून सरळ वरून बघितलं तर हे वक्र वर्तुळं असतात, तिरकं बघितलं तर लांबट होतात. आणि मघाची शंकूची अट या भाषेत लिहिली की एका ओळीत संपते: चऱ्यावरून थोडं पुढेमागे सरकलं तरी एकूण अंतर बदलत नाही अशा जागीच चरा चमकतो. म्हणजेच जिथे तो समोच्च रेषेला स्पर्शिका असतो तिथे. उरलेला चरा अंधारात. हजारो वेड्यावाकड्या चऱ्यांमधले नेमके तेवढेच स्पर्शिकेचे तुकडे उजळतात, आणि आपला मेंदू ते जोडून वर्तुळ बघतो. टॉर्च हलला की समोच्च रेषा हलतात आणि दुसरे तुकडे उजळतात.

हे जमलं नसेल तर परिच्छेद पुन्हा वाचा, खरंच वाचा, कारण सरळ पुसण्याचा सल्ला अर्धा का बरोबर आहे तेही यातूनच कळतं. सगळे चरे एकमेकांना समांतर असतील तर प्रत्येक बंद वक्राला ती दिशा दोनच ठिकाणी स्पर्श करते, म्हणून वर्तुळांऐवजी प्रतिबिंबातून जाणारा, चऱ्यांना आडवा असा एकच पट्टा चमकतो आणि बाकी बोनेट स्वच्छ दिसतं. चरे तेवढेच पडले, दिसले कमी.

काळ्या गाडीचा पेंट नाजूक असतो हा पण असाच एक समज. एकाच कंपनीच्या काळ्या आणि पांढऱ्या गाडीवर वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण सारखाच असतो आणि चरे त्याच्यातच पडतात. पांढऱ्या गाडीत खालच्या थरातून एवढा प्रकाश उसळून बाहेर येतो की चऱ्याची चमक त्यात बुडून जाते. काळ्यात खालून काहीच येत नाही, म्हणून सगळं उघडं पडतं.

ओली गाडी नवीकोरी का दिसते याचं उत्तर पण गणितात आहे. क्लिअर कोटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) साधारण 1.5, हवेचा 1. या फरकामुळे सरळ पडलेल्या प्रकाशातला 4 टक्के परत फिरतो. चऱ्यात पाणी भरलं की अपवर्तनांक 1.33, आणि त्या काठावरून परत फिरणारा प्रकाश 0.4 टक्क्यांच्याही खाली येतो, म्हणजे चऱ्याची चमक दहा पटीहून जास्त मंदावते. तेल किंवा मेण भरलं, अपवर्तनांक 1.44 वगैरे, तर 0.04 टक्के, जवळजवळ शंभरावा हिस्सा. स्वस्तातल्या पॉलिशची जादू बऱ्याचदा एवढीच असते. चरा तिथेच, त्यात तेल बसलंय. चार वेळा शॅम्पूने धुतली की परत दिसायला लागतो.

मग चरे येतात कुठून? धुळीतून. महाराष्ट्रातला बराच भाग बेसॉल्टचा, आणि खडी, क्रश सँड सगळी त्याचीच. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज मोह्सच्या मापावर (खनिजांच्या कठीणपणाचं 1 ते 10 माप) 6, पायरॉक्सिन 5 ते 6, नदीच्या वाळूतला क्वार्ट्झ 7. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लास्टिक, त्यांच्यापुढे लोण्याइतका मऊ. सोसायटीत सकाळी एक बादली पाणी आणि एकाच फडक्यात ओळीने सगळ्या गाड्या पुसल्या जातात, पहिल्या गाडीची खनिजं शेवटच्या गाडीवर घासली जातात. त्यात पुसणाऱ्या दादांचा काही दोष नाही, तेवढ्या वेळात आणि तेवढ्या पाण्यात आपणच ते काम मागतो. रोजचं कोरडं झटकणं तर त्याहून वाईट, तिथे मध्ये पाण्याचं वंगणसुद्धा नाही. नव्या गाडीची चकाकी काही महिन्यांत गेली की घरातले दृष्ट लागली म्हणतात आणि बंपरला लिंबू-मिरची येते. दृष्टीचा इथे काडीचा संबंध नाही. ते पैसे दोन चांगल्या मायक्रोफायबर कापडांवर घाला.

मी तर म्हणेन गाडी रोज पुसूच नका. नुसती बसलेली धूळ पेंटला ओरखडत नाही, ओरखडते ती आपण दाबून सरकवलेली धूळ. (पक्ष्यांची विष्ठा मात्र लगेच भिजवून काढा, ती क्लिअर कोट खाते.) आठवड्याने धुवा, आधी पाण्याच्या जोराने जेवढं निघेल तेवढं काढा, मग भरपूर शॅम्पू, दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत फक्त मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी, आणि वरून खाली यायचं कारण खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त वाळू असते. वाळवताना टॉवेल ओढायचा नाही, टिपायचा. कव्हर घालायचं तर स्वच्छ गाडीवर, धुळीच्या गाडीवर वाऱ्याने फडफडणारं कव्हर म्हणजे दिवसभर चालणारं घासकाम.

सिरॅमिक कोटिंगवाले (पेंटवर पातळ संरक्षक थर लावून देणारे) त्याचा कठीणपणा 9एच सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं मोह्सच्या मापावर 9, म्हणजे माणिक-नीलमच्या तोडीचं. तो एच पेन्सिलीचा आहे हो! 9एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ, आणि पेन्सिल म्हणजे ग्राफाइट आणि माती. शिवाय थर एखाद-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, त्यामुळे घासणं कमी होतं, हा फायदा खरा आहे आणि तेवढ्यासाठी घ्यायचं तर जरूर घ्या. पण वाळू त्याला जुमानत नाही.

पडलेले चरे खरोखर काढायचे तर एकच उपाय, आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. पॉलिशच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे घासायच्या पेस्टमध्ये, बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात (हे मात्र खरंच मोह्सवर 9), मशीनने ते फिरवून एक-दोन मायक्रॉन उतरवले जातात. क्लिअर कोट सगळा मिळून साधारण 35 ते 50 मायक्रॉन, आणि उन्हापासून रंग वाचवणारी रसायनं त्याच्यातच मिसळलेली. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करून घेणारे लोक हे भांडवल खर्च करत असतात, मग काही वर्षांनी छतावर पांढरट पापुद्रे सुटतात आणि गाडी थेट पेंटिंगला जाते. नखाला अडकणारा चरा असेल तर तो घालवायच्या नादाला लागूच नका, थोडा बोथट करून सोडून द्या.

नखाला न लागणाऱ्या काही चऱ्यांत प्लास्टिक तुटलेलं नसतं, नुसतं दाबून बाजूला सरकलेलं असतं. पॉलिमरच्या साखळ्या आडव्या दुव्यांनी बांधलेल्या असतात, ऊब मिळाली की त्या पुन्हा मूळ जागी यायला बघतात. निसानने 2005 मध्ये असा स्वतः भरून येणारा क्लिअर कोट जाहीर केला होता, आणि आजची पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, 150 ते 200 मायक्रॉनचं पॉलियुरेथेन, उन्हात किंवा गरम पाण्याने चरे गिळते ते याच तत्त्वावर. फिल्म फाटली असेल तर मात्र ऊन काही करू शकत नाही.

पॉलिश करून घेतलंच तर पैसे देण्याआधी एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून पुसायला सांगा, म्हणजे चऱ्यात बसलेलं तेल निघून जाईल, आणि मग टॉर्च धरा. वर्तुळं परत आली तर चरे घासून काढलेले नाहीत, भरून लपवलेत.