सुपरहिरोपटांचं कौतुक: नेमकं कशाचं?

सुपरहिरोंचे चित्रपट खरंच एवढ्या कौतुकाच्या लायकीचे आहेत का, हा वाद दर काही महिन्यांनी नव्याने पेटतो. वाद घालणारे मात्र वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत असतात. एकाला अभिनय आवडलेला असतो, दुसरा गल्ल्याचे आकडे तोंडावर फेकतो, तिसरा अकरा वर्षं चाललेल्या कथानकाचा शेवट बघायला मिळाला म्हणून खूश असतो. ही सरमिसळ जुनी आहे. या चित्रपटांना शाबासकी मिळण्याची कारणं काळानुसार बदलत गेली आणि प्रत्येक नवं कारण जुन्यावर चढत गेलं. थर सुटे केले की कौतुकातलं रास्त किती आणि उसनं किती, हे बरंच स्पष्ट होतं.

सुपरमॅन छापील पानावर आला १९३८ साली. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले. या धंद्यात पात्राची मालकी कोणाकडे आहे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून कथेपेक्षा मोठा ठरला आणि पुढचं बरंचसं राजकारण तिथूनच आलं.

तीन वर्षांनी, १९४१ मध्ये, रिपब्लिक पिक्चर्सने कॅप्टन मार्व्हलवर (आजचा शझॅम, मार्व्हल कंपनीचं पात्र नव्हे) १२ भागांची चित्रपट-मालिका काढली. दर आठवड्याला एक भाग, शेवटी नायक संकटात, उरलेलं पुढच्या आठवड्यात. तिचं कौतुक झालं ते उडण्यासाठी. हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी माणसाहून मोठा पुतळा बनवला, त्याच्या अंगातून तारा ओवल्या आणि खऱ्या आकाशाखाली तो तारांवरून घसरवला. झेप घेणं आणि जमिनीवर उतरणं डेव्ह शार्प या स्टंटमनचं. पुतळा आणि माणूस यांच्यातला सांधा संकलनात नेमका लपवल्यामुळे डोळा फसतो. याउलट १९४८ च्या सुपरमॅन मालिकेत नायक उडायला लागला की त्याच्या जागी चक्क रेखाटलेलं कार्टून येई. हाडामांसाचा माणूस आणि शाईची आकृती यांतला फरक लहान पोरालाही कळतो. तंत्र स्वस्त असण्याने बिघडत नाही, सांधा दिसला की बिघडतं. हा नियम आजच्या वीस-पंचवीस कोटी डॉलरच्या चित्रपटांनाही तसाच लागू आहे.

मधली वर्षं पटकन ओलांडता येतील. १९५४ मध्ये अमेरिकी कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि कथा गुळगुळीत झाल्या. १९६६ ते १९६८ या काळात टीव्हीवरच्या बॅटमॅनने १२० भागांत सगळ्या प्रकाराची मुद्दाम थट्टा केली. ती मजेदारच होती, पण त्यानंतर बराच काळ हा विषय गंभीरपणे घेण्यासारखा आहे असं स्टुडिओंना वाटेना.

रिचर्ड डॉनर यांनी १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये तो गंभीरपणे घेतला. मार्लन ब्रँडोसारखा नट थोड्या वेळाच्या भूमिकेसाठी सदतीस लाख डॉलर आणि वर नफ्यातला वाटा घेऊन उभा राहिला, यावरूनच हवा बदलल्याचं कळलं. पण चित्रपट टिकला तो दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे उडणं. निळ्या पडद्यासमोर चित्रण करावं तर नायकाचा पोशाखही निळाच. पडदा वगळताना पोशाखही गायब व्हायचा. म्हणून अशा दृश्यांसाठी पोशाखाचा निळा हिरवटाकडे झुकवला आणि नंतर रंग दुरुस्त केला. पुढचा उपाय झोरान पेरिसिक यांचा. अभिनेत्यामागे प्रकाश आल्या दिशेने परत फेकणारा, बारीक काचमण्यांचा पडदा. कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत अर्धपारदर्शक आरसा. प्रोजेक्टर बाजूने त्या आरशावर आकाशाचं चित्र टाकतो. कॅमेरा आणि प्रोजेक्टर, दोघांनाही झूम लेन्स आणि दोन्ही एकमेकींशी जोडलेल्या. प्रोजेक्टर चित्र लहान करत गेला की तेवढ्याच प्रमाणात कॅमेरा आत सरकतो. त्यामुळे मागचं आकाश आहे तेवढंच दिसतं आणि तारेवर टांगलेला माणूस मात्र मोठा होत अंगावर येतो. प्रत्यक्षात तो जागचा हललेलाही नसतो. यात चूक व्हायला जागाही भरपूर. कॅमेरा आणि प्रोजेक्टरचा अक्ष तंतोतंत जुळला नाही, तर माणसाची सावली त्याच्याच कडेला काळी किनार होऊन उमटते.

दुसरी गोष्ट ख्रिस्तोफर रीव्ह. नायिका लोइसच्या घरातलं दृश्य आठवा. ती आत गेलीय, क्लार्क, म्हणजे सुपरमॅनचं रोजचं चष्मेवालं रूप, बाहेर एकटा उभा आहे. तो चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे मागे जातात, आवाज खालच्या पट्टीत येतो आणि आपल्यासमोर सुपरमॅन उभा असतो. ती परत येते, याचा धीर सुटतो. चष्मा नाकावर, खांदे खाली, आवाज पुन्हा चिरका. ना रंगभूषा, ना युक्ती. चष्मा लावल्यावर कोणी ओळखत कसं नाही, ही कॉमिक्समधली सगळ्यात हास्यास्पद गोष्ट त्या काही सेकंदांत पटते. सुपरहिरोपटातल्या अभिनयाचं कौतुक करायचं तर माप हे ठेवावं.

नऊ वर्षांनी याच मालिकेचा चौथा भाग आला, तेव्हा कॅनन फिल्म्सने बजेट निम्म्यावर आणलं होतं. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीऐवजी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं रेल्वे स्टेशन आलं, उडण्याचा एकच शॉट पुन्हा पुन्हा वापरला गेला. नायक तोच, पोशाख तोच, पण विश्वास बसेना. मालिका तिथेच थांबली.

१९८९ च्या 'बॅटमॅन'मध्ये कौतुकाचा रोख शहराकडे वळला. टिम बर्टन यांच्या गॉथमची उभारणी अँटन फर्स्ट यांनी केली आणि कलादिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवलं. जगभरात चित्रपटाने ४१ कोटी डॉलरच्या आसपास कमावले, शिवाय टी-शर्ट आणि खेळण्यांची विक्री वेगळी. त्याच यशाने पुढे घात केला. खेळणी इतकी विकली गेली की १९९७ च्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'मध्ये गाड्या आणि आयुधांच्या रचनेत खेळण्यांच्या कंपन्यांचं मत घेतलं जाऊ लागलं. दुकानात मांडायच्या वस्तू आधी, प्रसंग नंतर. तो आपटला आणि बॅटमॅन आठ वर्षं पडद्यावरून गेला.

तिकडे मार्व्हल या कॉमिक्स कंपनीने डिसेंबर १९९६ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. नव्वदच्या दशकात तिच्या एक्स-मेनचे चित्रपट-हक्क फॉक्सकडे गेले, स्पायडरमॅनचे सोनीकडे. हक्कांचा खेळ कुठल्या थराला जातो याचा मासला म्हणजे १९९४ चा 'फँटास्टिक फोर': सुमारे दहा लाख डॉलरमध्ये पूर्ण केलेला आणि कधीच प्रदर्शित न झालेला चित्रपट. मुदत संपून हक्क हातचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी तो बनला, असंच बहुतेक जण मानतात. मात्र विकलेल्या पात्रांनी २००० नंतर इतरांचं उखळ पांढरं केलं. २००२ च्या 'स्पायडर-मॅन'ने अमेरिकेत पहिल्या वीकएंडला साडेअकरा कोटी डॉलर जमवले. तीन दिवसांत दहा कोटींची रेषा ओलांडणारा तो पहिला चित्रपट. त्यानंतर 'चित्रपट कसा आहे' याच्या आधी 'ओपनिंग किती' हे विचारलं जाऊ लागलं.

मार्व्हलकडे उरली दुसऱ्या फळीतली पात्रं. २००५ मध्ये कंपनीने मेरिल लिंच या वित्तसंस्थेकडून ५२.५ कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जाची सोय केली आणि दहा मालमत्तांचे चित्रपट-हक्क तारण ठेवले. त्यांत कॅप्टन अमेरिका, ब्लॅक पँथर, डॉक्टर स्ट्रेंज होते. चित्रपट पडले असते तर पात्रं गेली असती. 'आयर्न मॅन' (२००८) या वातावरणात बनला: १४ कोटींचं बजेट, अर्धवट पटकथा, सेटवर संवाद जुळवणारे रॉबर्ट डाऊनी ज्युनियर आणि जेफ ब्रिजेस. चिलखताचे खरे भाग स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने घडवले होते. खऱ्या पत्र्यावर प्रकाश कसा पडतो हे समोर असल्यामुळे संगणकावर केलेलं चिलखतही वजनदार वाटतं. जगभरात ५८.५ कोटी मिळाले. श्रेयनामावलीनंतर मिनिटभरही न चालणाऱ्या दृश्यात निक फ्युरी, म्हणजे पुढे सगळ्या नायकांना एकत्र आणणारं पात्र, डोकावलं आणि १९४१ ची 'उरलेलं पुढच्या आठवड्यात' ही युक्ती परत आली. आता फक्त आठवड्याऐवजी वर्ष.

त्याच उन्हाळ्यात बॅटमॅनचा 'द डार्क नाइट' आला. ख्रिस्तोफर नोलन यांनी चित्रपटातला सुमारे अर्धा तास आयमॅक्स कॅमेऱ्यांवर चित्रित केला आणि शिकागोच्या रस्त्यावर खराखुरा ट्रक खालून पिस्टन मारून उभा उलटवला. जोकर साकारणारे हीथ लेजर यांना मरणोत्तर ऑस्कर मिळालं, पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाच नामांकनांत तो नव्हता. त्यावरून ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी अकादमीने नामांकनं पाचावरून दहा केली. त्या वगळण्याचा या बदलात हात होता, हा समज तेव्हापासून रूढ आहे. सुपरहिरोपटाला त्या यादीत यायला मात्र २०१८ चा 'ब्लॅक पँथर' यावा लागला. त्याने वेशभूषा, कलादिग्दर्शन आणि संगीत अशी तीन ऑस्कर नेली. तिन्ही पडद्यावर दिसणाऱ्या, कानाला ऐकू येणाऱ्या कामाची.

२००८ मधून दोन वाटा निघाल्या आणि धंद्याने मार्व्हलची धरली. डिस्नेने २००९ मध्ये मार्व्हलसाठी सुमारे ४०० कोटी डॉलर मोजले. पुढे प्रदर्शनाच्या तारखा पटकथेच्या आधी ठरू लागल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासात येणाऱ्या त्या ओळखीच्या मारामारीचं मूळ इथेच आहे. तारीख पक्की, म्हणून मोठे प्रसंग चित्रीकरणाआधीच संगणकावर प्राथमिक रूपात रचून ठेवले जातात. दिग्दर्शक येतो तेव्हा त्यातला बराचसा भाग बेतलेला असतो. चित्रीकरण करताना प्रकाश सपाट ठेवला जातो, कारण पार्श्वभूमी नंतर बदलायची शक्यता उघडी ठेवायची असते. पोशाखही नंतर: मार्व्हलच्या अकरा वर्षांच्या कथानकाचा शेवट असलेल्या 'एंडगेम'मधले कालप्रवासाचे पांढरे सूट पूर्णपणे संगणकावर चढवलेले आहेत. संकलनात तात्पुरतं म्हणून जुन्या चित्रपटाचं संगीत लावतात, दिग्दर्शकाला त्याची सवय होते आणि संगीतकाराला 'असंच काहीतरी' करायला सांगितलं जातं. म्हणून चित्रपट संपल्यावर धून गुणगुणता येत नाही. निर्णय पुढे ढकलण्याची सोय जितकी मोठी, तितकं चित्र बेचव.

आणि तरी समीक्षा चांगल्या येतात. याचं एक कारण मोजपट्टीत आहे. समीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी म्हणजे सरासरी गुण नव्हेत. किती समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच ती सांगते. समजा १०० पैकी ९५ जणांनी एका चित्रपटाला साडेसहा गुण दिले आणि पाच जणांनी चार. टक्केवारी ९५, सरासरी ६.४. दुसऱ्याला ७० जणांनी नऊ दिले, ३० जणांनी चार. टक्केवारी ७०, सरासरी ७.५. पोस्टरवर झळकणार पहिला. कोणालाच फारसा न खटकणारा चित्रपट या पट्टीवर उंच दिसतो आणि नेमका तसाच चित्रपट बनवण्यात ही यंत्रणा तरबेज आहे. सिनेमास्कोअर या पाहणीत प्रेक्षक चित्रपटाला जे श्रेणीचं अक्षर देतात, तेही जपून वाचावं. ते पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून घेतलेलं असतं आणि पहिल्या रात्री जातात ते चाहते. टक्केवारीशेजारची सरासरी आणि दुसऱ्या वीकएंडची घसरण या दोन आकड्यांतून जास्त कळतं.

२०१९ मध्ये ज्येष्ठ दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी मार्व्हलच्या चित्रपटांबद्दल म्हणाले की हा सिनेमाच नाही, हे थीम पार्कसारखं आहे. त्याच वर्षी 'एंडगेम' २८० कोटी डॉलरच्या घरात पोहोचला, त्यामुळे ठिणगी लगेच पेटली. नंतरच्या लेखात त्यांनी मुद्दा स्पष्ट केला: इथे जोखीमच नाही. यंत्रणेबद्दल ते बरोबर आहेत. पण सरसकट सगळ्यांना एका दावणीला बांधणं जमत नाही. 'लोगन'ला (२०१७) पटकथेचं ऑस्कर नामांकन मिळालं, कारण त्यात म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाची गोष्ट पूर्ण सांगितली आहे, पुढच्या भागाची जाहिरात केलेली नाही.

'स्पायडर-व्हर्स' (२०१८) तर फ्रेम थांबवून बघावा. सेकंदाला २४ फ्रेम असतात. साधारण संगणकीय अ‍ॅनिमेशनमध्ये प्रत्येक फ्रेमला पात्राची नवी स्थिती असते. इथे नवशिका स्पायडरमॅन माइल्स जंगलात झोके घेतो तेव्हा त्याची स्थिती दोन फ्रेम तशीच राहते, म्हणजे सेकंदाला १२ स्थिती. त्याच शॉटमध्ये मुरलेला पीटर पूर्ण २४ वर हलतो. माइल्स अडखळतोय हे संवादात कोणी सांगत नाही, डोळ्याला नुसतं जाणवतं. पुढे तो इमारतीवरून स्वतःहून झेप घेतो, तेव्हा हालचाल सलग झालेली असते. वर छापील ठिपके आणि रंग किंचित सरकल्यासारख्या कडा. जुन्या छपाईतला दोष इथे मुद्दाम घातलेला. कॉमिक्सचा पडद्यावर केलेला इतका अचूक विचार दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोपटात नाही, आणि अ‍ॅनिमेशनचं ऑस्कर त्याला सहज मिळायला हवं होतं, तसं मिळालंही.

मार्व्हलच्या शिक्क्याच्या जोरावर मिळणारं कौतुक २०२३ मध्ये आटलं. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'च्या तिसऱ्या भागाने जवळपास ८४.५ कोटी कमावले आणि त्याच वर्षी त्याच स्टुडिओचा 'द मार्व्हल्स' २०.६ कोटींवर थांबला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्व्हलच्या पगारी व्हीएफएक्स (संगणकीय दृश्यपरिणाम) कर्मचाऱ्यांनी संघटना करायचा कौल एकमताने दिला. बाहेरच्या व्हीएफएक्स कंपन्यांची अडचण आणखी जुनी आहे: काम ठरलेल्या रकमेत घ्यायचं, स्टुडिओने प्रदर्शनाच्या तोंडावर प्रसंग बदलला तरी वाढीव तास बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून भरायचे, आणि नाही म्हटलं तर पुढचं काम दुसऱ्याकडे. या कंपन्यांमधल्या माणसांची नावं 'एंडगेम'च्या तीन तास एक मिनिटाच्या अगदी शेवटी येतात. तोवर प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो तो श्रेयनामावलीनंतरच्या दृश्यासाठी, जे त्या चित्रपटात नाहीच.