रिकाम्या पोटी दौडलेल्या घोड्याला अल्सर होत नाही?

'सरावाआधी घोड्याला उपाशी ठेवा, म्हणजे अल्सर होत नाही' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागे काळजीच आहे, पण घडतं उलटं. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लं नाही तरीही. ते सौम्य करणारी लाळ मात्र चारा चावतानाच सुटते. पोटाच्या वरच्या भागाला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं. दौडताना पोटावर दाब येतो आणि आम्ल थेट तिथवर उसळतं. म्हणून सरावाच्या अर्धा तास आधी ओंजळभर-दोन ओंजळी लसूणघास द्यावा. त्यातलं कॅल्शियम आम्ल शमवतं. धान्याचा खुराक मात्र तेव्हा नको, पिष्टामुळे धोका वाढतो.

खुराक न खाता सोडणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चिडणं यांवरून अल्सरचा नुसता संशय येतो. खात्री करायची तर पशुवैद्यकाकडून एंडोस्कोपी (नळीवरच्या कॅमेऱ्याने पोटाची आतून तपासणी) करून घ्यावी.