कोकणी मुसलमान: सागरी वाटेने आलेली शाफई परंपरा

महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी विधिपरंपरेचे अनुयायी असले, तरी कोकण किनारपट्टीवरील कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, म्हणजे सुन्नींच्याच दुसऱ्या एका विधिपरंपरेचे, आहेत. हा फरक रोजच्या उपासनेतही दिसतो. शाफई नमाजी रुकूसाठी वाकताना व त्यातून उठताना पुन्हा हात उंचावतात, पहाटेच्या नमाजात उभ्याने कुनूतची प्रार्थना म्हणतात, आणि दुपारनंतरच्या अस्र नमाजाची वेळ त्यांच्याकडे लवकर सुरू होते.

ही वेळ सावलीच्या गणितावर ठरते. ऐन मध्यान्हीच्या सावलीत वस्तूच्या उंचीइतकी भर पडली, की शाफई मतानुसार अस्र सुरू होते. प्रचलित हनफी मतानुसार ही भर उंचीच्या दुप्पट व्हावी लागते. सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, विषुवदिनी, १ मीटर उंच काठीची मध्यान्हीची सावली साधारण ३४ सेंटीमीटर असते. म्हणजे एका मतानुसार सावली १३४ सेंटीमीटर होईपर्यंत थांबायचे, तर दुसऱ्यानुसार २३४ सेंटीमीटर होईपर्यंत, आणि या दोन क्षणांत जवळपास एका तासाचे अंतर असते.

एकाच प्रदेशात दोन परंपरा का, याचे उत्तर भूगोलात आहे. हनफी परंपरा मुख्यतः मध्य आशियातून खुश्कीच्या मार्गाने उत्तर भारतात आणि पुढे दख्खनमध्ये आली. शाफई परंपरा मात्र हिंदी महासागराच्या व्यापाराबरोबर पसरली. येमेनचा किनारा, पूर्व आफ्रिकेचा किनारा, भटकळचे नवायत, केरळचे मापिळा आणि थेट इंडोनेशिया हे सारे शाफई आहेत. कोकण याच साखळीतला दुवा आहे, आणि माझ्या मते या समाजाच्या उगमाचा हा पुरावा वंशावळींपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

लिखित पुरावेही जुने आहेत. अरब प्रवासी अल-मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूर, म्हणजे आजच्या चौल, येथे आला, तेव्हा तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत असल्याचे त्याने नोंदवले. त्यांत बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते, तसेच याच भूमीत जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला असे. त्याहून विलक्षण आहे तो चिंचणीचा इ. स. ९२६ चा ताम्रपट. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याचा त्यात उल्लेख आहे. त्याने नदी ओलांडणाऱ्यांसाठी विनामूल्य नावेची सोय केली आणि अन्नछत्र घातले. शिवाय एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला, म्हणजे छोट्या मठाला, त्याच्या संमतीने जमीन मिळाली. दहाव्या शतकातील किनाऱ्यावरचे हे सहजीवन आपल्या शालेय इतिहासात अधिक ठळकपणे यायला हवे.

या सागरी जगाने पुढे स्वतःचे विद्वानही घडवले. १४३१ मध्ये निधन पावलेले मखदूम अली माहिमी हे नवायत कुळातले शाफई पंडित होते. त्यांच्यावर इब्न अरबींच्या सूफी तत्त्वज्ञानाचा खोल प्रभाव होता. कुराणावरील आपल्या अरबी भाष्यात एका आयतीचा (वचनाचा) पुढच्या आयतीशी असलेला अर्थसंबंध ते सातत्याने उलगडतात, आणि प्रत्येक सूरेच्या (अध्यायाच्या) आरंभीच्या बिस्मिल्लाचा अर्थ त्या सूरेच्या विषयाला धरून वेगळा लावतात. माहीमच्या त्यांच्या दर्ग्यावर आज सर्व धर्मांचे लोक येतात, आणि तेथील वार्षिक उत्सवात संदल, म्हणजे चंदनाचा लेप, नेण्याचा पहिला मान मुंबई पोलिसांकडे असतो.