लाकडी डेकचे नूतनीकरण व रंगकाम

लाकडी डेक : घराच्या मागच्या दाराला लागून, जमिनीपासून उचलून बांधलेला उघडा लाकडी ओटा. अमेरिका व कॅनडातील उपनगरी घरांत तो सर्रास आढळतो. फळ्या बहुधा दाब देऊन औषध मुरवलेल्या पाइनच्या असतात. सीडर, रेडवुड किंवा इपे वापरल्यास खर्च वाढतो. ऊन, पाऊस आणि बर्फ थेट अंगावर घेणाऱ्या या लाकडाला दर दोन-तीन वर्षांनी नव्याने रंगद्रव्य (स्टेन) द्यावे लागते. आपल्याकडे फर्निचरला करतात ते लाखेचे पॉलिश येथे निरुपयोगी ठरते, कारण पाणी लागताच ते पांढरे पडते.

लाकूड करडे पडते ते मळाने नव्हे. उन्हातील अतिनील किरण लाकडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या लिग्निनचा नाश करतात. पाऊस ते धुऊन नेतो आणि वर मेलेल्या तंतूंचा सैल थर उरतो. त्या थरावर लावलेला स्टेन थराबरोबरच सुटून येतो. पोपडे निघाले की दोष डब्याला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा धुण्यात किंवा वाळवण्यात झालेली असते.

रंगाआधी सांगाडा पाहावा. फळ्यांच्या टोकांत, खांबांच्या बुंध्याशी आणि घराच्या भिंतीला ठोकलेल्या आडव्या तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर लाकूड कुजलेले आहे. डेक कोसळतो तो बरेचदा ही तुळई भिंतीपासून सुटल्याने; ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर आधी बोल्ट घालावेत, रंग नंतर. वर आलेले खिळे पुन्हा ठोकले तरी पुन्हा वर येतात, म्हणून ते उपटून अडीच ते तीन इंची डेक स्क्रू घालतात. हल्लीच्या औषधी लाकडात तांब्याचे प्रमाण जास्त असल्याने साधे लोखंड लवकर गंजते. स्क्रू गरम जस्तलेपाचे किंवा स्टेनलेस स्टीलचे हवेत. अमेरिकेत २००३ अखेरपर्यंत घरगुती लाकडात आर्सेनिकयुक्त औषध वापरले जाई. त्या काळातील डेक घासण्याचे टाळावे, घासावाच लागला तर मास्क लावावा. त्याचे तुकडे शेकोटीत कधीही जाळू नयेत.

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेटची पूड चांगली : ४ लिटर कोमट पाण्यात एक कप. द्रावण ताजेच वापरावे, काही तासांत त्याचा जोर जातो. पंधरा मिनिटे लाकूड ओले ठेवून ब्रशने घासावे. क्लोरीनचे ब्लीच शेवाळ मारते, पण जोरकस द्रावण तंतू पिंजून काढते. मग लिटरला सुमारे ३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल घेऊन पुसले की खिळ्यांभोवतीचे काळे डाग जातात आणि लाकूड उजळते. ब्लीच व आम्ल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. प्रेशर वॉशर (जोरदार दाबाने पाणी मारणारे यंत्र) घ्यायचाच तर मऊ लाकडाला ५००–६०० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब, रुंद फवारा आणि फळीपासून फूटभर अंतर. तोटी एका जागी थांबली की कायमची चर पडते.

वाळण्यास किमान दोन कोरडे दिवस द्यावेत. ओलावामापकावर १५ टक्क्यांखाली आकडा आला पाहिजे. मापक नसेल तर पाण्याचे थेंब टाकावेत. मिनिटभरात मुरले तर लाकूड तयार. मोत्यासारखे वर राहिले तर अजून ओल आहे किंवा जुना लेप शिल्लक आहे. घासायला ६० ते ८० नंबरचा पॉलिश पेपर पुरे. १५० नंबरने फळी गुळगुळीत दिसते, पण छिद्रे बुजतात आणि स्टेन वरच तरंगतो. हौशी माणसाची ही नेहमीची चूक.

स्टेन जितका पारदर्शक तितका कमी टिकतो. अर्धपारदर्शक दोन-तीन वर्षे चालतो आणि फिका होत जातो, त्यामुळे पुढच्या वेळी धुऊन त्यावरच नवा हात देता येतो. अपारदर्शक जास्त टिकतो, पण चालण्याच्या पृष्ठभागावर तो सुटू लागला की सगळा खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते. कठड्याला तो शोभतो, फळ्यांना नाही.

जुन्या लाकडावर १ गॅलन (३.७८ लिटर) १५० ते २०० चौरस फूट पुरतो. १२ × २० फुटी डेकच्या पहिल्या हाताला सुमारे दीड गॅलन लागेल. कठड्याचे गज वेगळे धरावेत, त्यांना फळ्यांपेक्षा जास्त वेळ जातो. हवा १० ते ३२ अंश सेल्सिअस, फळीवर सावली आणि पुढचे दोन दिवस पाऊस नको. एका वेळी दोन-तीन फळ्या टोकापासून टोकापर्यंत सलग कराव्यात. मध्येच थांबल्यास सांध्याचा गडद पट्टा उमटतो. रोलरने लावला तरी मागोमाग ब्रश फिरवून तो रेषांत मुरवावा. कापलेली टोके सर्वाधिक पाणी ओढतात, तेथे सढळ हाताने लावावा. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेला तेलकट स्टेन चिंधीने टिपून घ्यावा, नाहीतर तेथे चिकट चकाकी राहते.

त्या चिंध्यांचा बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नये. जवसासारखे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.